मर्जमधला मानपान

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कॉम्प्युटरात जमलं, हे आमच्या आईला अजून कबूल नाही. "फोपनारचं स्थळ मावशीनं सुचवलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सांगू दे बापडी. मी सिंधीपुऱ्यात ब्लाउज शिवते, दिवसभर दहा बायकांच्या थापा ऐकते, घरी आल्यावर आणखी एक ऐकायची माझी तयारी नसते. खरं काय झालं ते मी सांगते.

आमचे वडील, नाना, लालबागच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. आवाज असा खणखणीत की वर्गात पाढे म्हणायचे आणि रस्त्यावरचा हातगाडीवाला शिकून जायचा. रिटायर झाले आणि त्याच गळ्यात गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचेल, स्वरयंत्र काढावं लागेल. घरात रडारड झाली. मी तर इतकी रडले की समोरच्या बाईचं मापसुद्धा चुकीचं घेतलं. धाकटी सुमन मात्र रडली नाही. ती घरी बसून पुण्याच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. तिनं एक माइक मागवला, नानांना त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. फक्त थांबू नका."

ऑपरेशनपर्यंत नाना रोज बोलत राहिले. पाढे म्हटले, पेपरातले केळीचे भाव वाचले, प्रभाकरकाकांची उणीदुणी काढली, आईवर चिडले, मग आईची माफी मागितली. त्या सगळ्यातून सुमननं एक प्रोग्राम बनवला. नाना टाइप करणार आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलणार. दवाखान्यातून घरी आल्यावर नानांनी पहिलं वाक्य टाइप केलं ते, "मथुरा, भाजीत मीठ नाही." बैठकीतल्या डब्यातून नानांचा आवाज आला. आई "आले, आले" करत मिठाची बरणी घेऊन धावत आली आणि दारातच मटकन खाली बसली.

सुमननं तो प्रोग्राम नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवून दिला. ज्याला लागेल त्यानं घ्यावा. मला वाटलं, कोण कशाला घेतोय! पण तापीपलीकडच्या फोपनार गावच्या गिरधरनं घेतला. इंदूरला कॉम्प्युटर शिकून हा पोरगा परत घरच्या केळीत उतरला होता. त्याच्या आईला, रंभाबाईंना, लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. गिरधरनं सुमनच्या प्रोग्रामची आपली वेगळी फांदी काढली. त्याला हे लोक ब्रांच म्हणतात. मला ब्रांच म्हटली की बँकेची माहीत. पण यांच्यात असं असतं की मूळ तेच, तिथून पुढे तू तुझं वाढव, मी माझं वाढवते.

गिरधरनं काय केलं, डाव्या हाताच्या बोटाला सापडतील अशी मोठमोठी बटणं बनवली. टाइप करायला नको. पाण्याच्या बटणात पाणी, चहाच्या बटणात चहा, आणि एक बटण नुसतं पोराशी बोलायचं. आणि प्रोग्राम इतका हलका केला की साध्या मोबाईलवर, नेटवर्क नसताना, केळीच्या बागेतसुद्धा चालायचा. फक्त आवाज त्याच्याकडे नव्हता. आई आजारी पडायच्या आधी तिचा आवाज भरून ठेवायचं कोणाच्या डोक्यात येतं? मग त्यानं कॉम्प्युटरातल्या तयार बाईचा आवाज लावला, स्टेशनवर गाडी लेट आहे म्हणून सांगते ना, तसल्या बाईचा.

मग दोघांचं बोलणं सुरू झालं. हा विचारायचा, ती समजवायची. दुनियेतली पोरं एकमेकांना गुलाब पाठवतात, यांनी एकमेकांना चुका पाठवल्या. होता होता लग्न ठरलं.

आता खरा पेच ऐका. कन्यादानाच्या वेळी मुलीचा बाप नवरदेवाला सांगतो की धर्मात, अर्थात, कामात हिला डावलून जायचं नाही. नातिचरितव्या. नवरदेव म्हणतो, नातिचरामि, नाही जाणार. तीन वेळा बाप सांगतो, तीन वेळा नवरदेव कबूल करतो. प्रभाकरकाका नानांना मोठ्या मायेनं म्हणाले, "वामन, तुझ्याऐवजी मी म्हणतो. त्यात काय एवढं?"

नानांनी कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण वाढवला आणि टाइप केलं. "मुलगी माझी आहे. मी म्हणेन."

काकांच्या बशीतला चहा लेंग्यावर सांडला.

पण म्हणणार कसं? नानांचा आवाज घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच चालायचा. तोही एकेका वाक्याला विचार करत बसायचा. होमाशेजारी, पाटावर, गुरुजी घाई करत असताना तो डबा कुठे मांडणार? मोबाईलवर चालणारा प्रोग्राम गिरधरकडे आणि नानांचा आवाज सुमनकडे. दोन्ही फांद्या एक केल्या तरच नाना लेकीच्या लग्नात बोलणार होते. या जुळवण्याला मर्ज म्हणतात. आज करू, उद्या करू म्हणत, पत्रिका, साड्या, आहेर यांच्या गडबडीत ते मर्ज येऊन पडलं थेट हळदीच्या दिवसावर.

दुपारी हळद लागली आणि ही बया पिवळ्या हातांनी आतल्या खोलीत आपल्या लॅपटॉपसमोर जाऊन बसली.

"अगं, हात तरी धू," मी ओरडले.

"ताई, गप्प बस ना. बघ फक्त." मग तिनं मला समजावलं. तिनं एकीकडे काही बदललं असेल आणि गिरधरनं दुसरीकडे, तर ते आपोआप जुळतं. पण एकाच ओळीत दोघांनी हात घातला असेल तर कॉम्प्युटर अडतो आणि विचारतो, इकडचं ठेवू की तिकडचं?

"मग एकेक बघून सांगायचं?"

"बघता येतं. नाहीतर एकदाच सांगून टाकायचं, जिथे जिथे जुळणार नाही तिथे अमुक एकाचं ठेव." आणि तिनं सांगून टाकलं. सगळीकडे तिकडचं ठेव.

खटाखट ओळी पळाल्या. प्रोग्राम मोबाईलवर आला. सुमननं एका बटणात कन्यादानाचं वाक्य भरलं आणि मोबाईल नानांच्या हातात दिला. घरात पाहुणे भरलेले, सगळे गोळा झाले. नानांनी धोतराचा सोगा सावरला, ताठ बसले आणि बटण दाबलं.

"नातिचरितव्या," स्टेशनवरची बाई म्हणाली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून असं बघितलं की हसू तिथेच विरलं. नानांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच बाई. नानांनी मोबाईल पालथा करून बाजेवर ठेवला, पाटी ओढली आणि लिहिलं, "प्रभाकरला सांगा." पाटी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. इतक्या वर्षांत मी नानांना भरल्या घरात दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. 

मग माझी तार सटकली. सुमनला मी आतल्या खोलीत ओढलं. "आवाज कुठे गेला? कुठे घालवलास नानांचा आवाज?"

"गेला नाही ताई. आवाजाची ओळ दोघांनीही बदलली होती. मी तिकडचं ठेव म्हटलं, तर तिकडचा राहिला." तिचे डोळे भरले. "आई महिनाभर कानीकपाळी ओरडते आहे ना, आपण मुलीकडचे, त्यांचा मान आधी. आणि खरं सांगू? यावर रंभाबाई बोलतात गं. माझ्या एका ओळीनं त्यांचं पाणी मागायचं बटण बंद पडलं तर? घरात पाऊल टाकलं आणि सासूची वाचा घालवली, असं होईल."

"मग इकडचं ठेव म्हण."

"तर मग बटणं जातात. मोबाईलवर चालतच नाही."

"मग एकेक बघ!"

"त्यांनी लिहिलेलं मी कशी पुसू?"

कप्पाळ माझं! कॉम्प्युटरच्या ओळीतसुद्धा हिचा मानपान चालला होता. मी सरळ गिरधरला फोन लावला. येतो म्हणाला असता, पण हळद लागली की नवरदेवानं गावची शीव ओलांडायची नसते, म्हणून व्हिडिओ. समोर कानापर्यंत पिवळा झालेला चेहरा आला. मागे मांडवाला केळीचे खांब बांधायचं काम चालू होतं. मी सगळं भडाभडा सांगितलं.

तो खाली बघायला लागला. "ताई, रागवू नका. मी बी मागच्या हप्त्यात आमच्याकडे मर्ज करून पाहिलं होतं."

"मग?"

"मी म्हटलं, सुमन मोठ्या कंपनीत काम करते, वरून नानांच्या आवाजाचा मामला. मी सगळीकडे तिचंच ठेवलं. माझ्या मायची सगळी बटणं गायब झाली. मग चुपचाप मर्ज रद्द केलं आणि कोणालाच बोललो नाही."

म्हणजे बघा! हा म्हणतो तिचं ठेव, ती म्हणते त्याचं ठेव. "अहो, तुम्ही काय पंगतीत आग्रह करून राहिलात का?" मी म्हटलं. "त्या आग्रहात माझ्या बापाचा आवाज चालला ना!"

सुमननं डोळे पुसले आणि एक ओळ टाइप केली. मर्ज रद्द झालं आणि सगळं पहिल्यासारखं जागच्या जागी आलं. माझा जीव अर्धा भांड्यात पडला. मी कापड एकदा कापलं की कापलं. इथे कापलेलं परत अखंड होत होतं, कुठे चीरसुद्धा दिसत नव्हती. मी दोनदा विचारलं, "खरंच काही गेलं नाही?"

"काही जात नाही, ताई," गिरधर फोनमधून म्हणाला. "इथे काहीच जात नाही."

तेवढ्यात बैठकीतून आवाज आला. नानांचा स्वतःचा, घरच्या कॉम्प्युटरमधून. नाना उठून बसले होते. माझा आवाज असा आहे की भिंतीआड काही राहत नाही, सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"मूळ काय होतं?" नानांनी विचारलं. "दोघांची उत्तरं वेगळी आहेत. तर आधी मूळ गणित मांडा."

सुमन लॅपटॉप उचलून आणि मी फोन घेऊन, आम्ही दोघी बैठकीत आलो. सुमननं पडद्यावर तीन भाग केले. मधे मूळ, डावीकडे तिचं, उजवीकडे गिरधरचं. आणि मला एकदम कळलं. एकच ब्लाउज दोन शिंप्यांनी दुरुस्त केला आणि दोन्ही मापं माझ्यासमोर टाकली, तर कोणी सैल केलं आणि कोणी आवळलं, मी कसं सांगणार? पहिलं माप हातात असेल तरच कळेल. एवढं साधं होतं. आणि हे दोघं शिकलेली गाढवं मूळ न बघताच एकमेकांना वाट देत उभे होते.

"मूळ मिळतं कसं पण?" मी विचारलं. "एवढ्या दिवसांपूर्वीचं?"

"त्याला आपोआप सापडतं. दोन्ही फांद्यांवरून मागे मागे जातो, जिथे भेटतात तिथे थांबतो," सुमन म्हणाली, आणि तिनं तो सगळा नकाशा उघडला.

आता हे मी कसं सांगू? पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक हिरवी. रेघेवर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक दिवशी केलेला बदल, आणि शेजारी तो कशासाठी केला ते लिहिलेलं. निळी रेघ सुमनची. 'नानांचा श पक्का केला.' 'नाना रागावले की आवाज चढतो, तो जमला.' 'नाना आज आईशी भांडले, छान चाललं.' हिरवी रेघ गिरधरची. 'बटण मोठं केलं, मायचं बोट थरथरतं.' 'नेटवर्कविना चाललं.' 'मायनं आज स्वतः पाणी मागितलं.' दोन्ही रेघा शेजारून वर चढत होत्या. इकडे नाना बोलायला धडपडत होते त्याच दिवशी तिकडे रंभाबाई धडपडत होत्या, आणि पहिले कित्येक दिवस आम्हाला एकमेकांची गंधवार्ता नव्हती. मधे तापी वाहते, फोपनारची केळी आमच्या बाजारात येतात, पण तिथल्या एका घरात एक बाई पाणी मागायला शिकते आहे हे आम्हाला कोण सांगणार होतं? या यंत्रानं एकही दिवस टाकला नव्हता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

सुमन खाली खाली जात राहिली. रेघा जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि एका ठिपक्यात मिळाल्या. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, 'नाना बोलले.'

नाना खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.  आई कधी येऊन मागे उभी राहिली होती कोण जाणे, तिनं पडद्याला नमस्कार केला. मी एरवी हसले असते. तेव्हा मला तो नमस्कार अगदी बरोबर वाटला.

मग कामाला लागले सगळे. एकेक अडलेली ओळ पडद्यावर यायची. सुमन म्हणायची, "हे तुम्ही का केलंत?" गिरधर सांगायचा. मग तो विचारायचा, ती सांगायची. कुठे तिचं राहिलं, कुठे त्याचं, कुठे दोघांचं एकाखाली एक. ती पुसायला घाबरली की मी मागून दटवायचे, "पूस गं, तो हो म्हणतोय." त्याचा आवाज बारीक झाला की नाना टाइप करायचे, "कारण सांगा, कारण." शाळाच भरली होती. बाहेर सवाष्णी जेवायच्या खोळंबल्या तरी आई कोणाला आत येऊ देईना.

शेवटी आवाजाची ओळ राहिली. मुळात तिथे नानांचा आवाज होता. सुमननं तो सुधारला होता. गिरधरनं तो काढून स्टेशनवरची बाई बसवली होती. तिचं ठेवावं तर रंभाबाई पुरुषाच्या आवाजात बोलणार. त्याचं ठेवावं तर नाना बाईच्या. 

"दोन्हीही चूक," नाना म्हणाले. "तिसरं लिहा."

 सुमननं दोन्ही ओळी पुसल्या, स्वतःचीही आणि त्याचीही, आणि नवी लिहिली. मोबाईल ज्याचा, आवाज त्याचा. गिरधर तिकडून ती वाचत होता. "बराबर," एवढंच म्हणाला. ती ओळ इकडची नव्हती, तिकडचीही नव्हती. आदल्या क्षणापर्यंत ती कुठेच नव्हती. मी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही, पण त्या दिवशी दोन घरं जुळताना मी डोळ्यांनी पाहिली, आणि लग्न तर दुसऱ्या दिवशी होतं.

नानांनी मोबाईल हातात घेतला. "सुमन," मोबाईल खणखणीत म्हणाला, "आता तरी हात धू."

दुसऱ्या दिवशी कन्यादानाच्या वेळी नाना पाटावर बसले, मांडीवर मोबाईल. शेजारी खुर्चीत रंभाबाई होत्या, डावा हात पदरात. आमच्याकडच्या लग्नात कोणी गप्प बसतं का? पण गुरुजींनी खूण केली, नानांनी बटण दाबलं, आणि सगळा मांडव चिडीचूप झाला. नानांचे जुने विद्यार्थी मागच्या रांगेतून उठून उभे राहिले. ज्या आवाजानं त्यांना पाढे शिकवले तोच आवाज सांगत होता, धर्मात हिला डावलून जायचं नाही. नातिचरितव्या. प्रभाकरकाका तोंडावर उपरणं धरून हुंदके देत होते.

"म्हणा, नातिचरामि," गुरुजी गिरधरला म्हणाले.

गिरधरनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. ओठ हलत होते, डोळ्यांतून धार लागली होती आणि शब्द निघत नव्हता. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. लोक कुजबुजायला लागले. सुमनची मान अंतरपाट पडल्यापासून खाली होती, ती वर झाली.

तेव्हा रंभाबाईंचा डावा हात पदरातून बाहेर आला. त्यांनी वाकून नानांच्या मांडीवरच्या मोबाईलवर एक बटण दाबलं. मर्जमध्ये त्यांची सगळी बटणं नानांच्या मोबाईलवरही आली होती, त्याच जागी, त्यांना शोधावं लागलं नाही. आणि आमच्या नानांचा आवाज भर मांडवात मोठ्यानं म्हणाला, "बोल ना रे गोटू. तुही माय ऐकून राहिली."

सगळा मांडव हसला आणि सगळा मांडव रडला. गोटूच्या, म्हणजे गिरधरच्या, तोंडून हसता हसताच शब्द निघाला. "नातिचरामि."

नानांनी रंभाबाईंकडे पाहिलं, मोबाईल उचलून दोघांच्या मधे ठेवला, आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं.